आज गाणं पाठ फिरवून बसलंय

"आज गाणं पाठ फिरवून बसलंय का रे?" अण्णांनी एवढंच विचारलं, स्टूल भिंतीकडे सरकवलं आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. रेकॉर्डिंग अजून अर्धंही झालं नव्हतं. विलंबित संपत आलं होतं, तबल्याची लय वाढायला लागली होती आणि एरवी नेमक्या याच जागी अण्णा मान डोलवायला सुरुवात करतात. मी समोरच्या खुर्चीत, स्वतः केलेल्या स्पीकरच्या दोन्ही फळ्यांपासून मोजून सारख्या अंतरावर बसलो होतो. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की इतका स्वच्छ आवाज या खोलीत आजवर कधी आलाच नाही. अण्णा रागावले नव्हते, कुरकुरही केली नव्हती. बाहेर पाऊस लागलाय का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. तरी त्या रात्री मला झोप लागेना. उत्तर मला ठाऊक होतं. गाण्याने आपणहून पाठ फिरवली नव्हती, ती मी फिरवली होती. आदल्याच दिवशी दोन्ही फळ्यांच्या मागे, वरच्या ड्रायव्हरभोवती, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या गोल भागाभोवती, मी जाड फेल्ट, म्हणजे नमदा, चिकटवलं होतं.

फेल्ट लावायला कारण होतं. पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज पुढच्या आवाजात मिसळत होता. वरच्या पट्टीत आवाजाला काचेसारखी कड यायची, दोन फळ्यांच्या मधोमध उभी राहायला हवी ती गायिका जराशी पसरट व्हायची. मायक्रोफोन खुर्चीच्या जागी ठेवून मोजणी केली तर आलेखावर बारीक बारीक दाते दिसायचे. फेल्ट लावल्यावर दाते कमी झाले. कानांनाही फरक जाणवला. गायिका आक्रसून नेमक्या जागेवर आली, तानपुरा तिच्या मागे गेला. तीन महिन्यांची खटपट फळाला आली असं वाटून मी त्या आलेखाचा फोटोही काढून ठेवला.

मात्र मायक्रोफोन मी एकदाही मागे नेला नव्हता.

ओपन बॅफलचा, म्हणजे उघड्या फळीच्या स्पीकरचा, नाद ज्यांना आहे त्यांना ही फळी म्हणजे काय ते सांगायला नको. पेटी नाही, फक्त फळी. फळीला भोक, भोकात ड्रायव्हर. ड्रायव्हरचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन, पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज पुढे जातो तेवढाच मागे जातो, फक्त उलटा. 1000 हर्ट्झची तरंगलांबी 34 सेंटीमीटर, तिच्यापुढे अर्धा मीटर रुंद फळी ही चांगली भक्कम भिंत आहे. 50 हर्ट्झची तरंगलांबी मात्र जवळजवळ 7 मीटर. त्या खर्जाला फळी दिसतच नाही. पुढची दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागच्या पोकळीत शिरते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. माझ्या 50 सेंटीमीटरच्या फळीत हे पुसणं साधारण 230 हर्ट्झच्या खाली सुरू होतं आणि मग दर सप्तकाला 6 डेसिबल आवाज खाली जातो. सप्तकभर खाली उतरताना आवाज तेवढाच ठेवायचा तर बंद पेटीतल्या कोनाला चौपट हलावं लागतं, उघड्या फळीत आठपट. म्हणून तर खर्ज वाजवायला 15 इंची वूफर लागतो, तोही असा की ज्याचं 'क्यू', म्हणजे हलल्यावर घुमत राहण्याची ओढ, जास्त आहे, जो पेटीत घातला तर घुमेल. पेटीवाले ज्याला बाजूला ठेवतात तो ड्रायव्हर इथे शोभतो, ही गोष्ट मला पहिल्यापासून फार आवडत आली आहे.

आणि बाजूची शांतता. फळीच्या अगदी कडेला, रेषेत उभं राहिलं की पुढचा आणि मागचा आवाज एकाच वेळी कानाशी येतो आणि नाहीसा होतो. पूर्ण शांत होत नाही, भिंतींवरून परतलेला थोडा उरतोच. पण खर्ज असा गळून पडतो की पहिल्यांदा अनुभवणारा माणूस एक पाऊल मागे घेऊन पुन्हा पुढे येऊन बघतो. नुसतं फळीभोवती एक प्रदक्षिणा घातली की इंग्रजी 8 आकड्याच्या आकारात पसरलेला तो आवाज चालता चालता कळतो. समोर भरलेला, कडेला रिकामा, मागे पुन्हा भरलेला. मी ही प्रदक्षिणा कितीतरी वेळा घातली आहे. मागे गेल्यावर थांबावं असं मात्र मनात आलं नव्हतं.

फळ्या मी प्लायवूडच्या केल्या. 12 मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून, वर जड पुस्तकांची ओझी ठेवून दोन दिवस दाबून ठेवले. वरच्या आठ इंची फुलरेंज, म्हणजे जवळजवळ सगळे स्वर एकटा वाजवू शकणाऱ्या, ड्रायव्हरचं भोक मुद्दाम मध्यापासून सरकवून कापलं. तो बरोबर मध्यावर बसवला की सगळ्या कडा सारख्या अंतरावर येतात आणि कडांवरून वळणाऱ्या आवाजाचे सगळे दोष एकाच फ्रिक्वेन्सीवर गोळा होतात. सरकवला की ते पसरतात, बोथट होतात. जिगसॉने भोक कापणं हे तासाभराचं काम, पण भोकाची मागची कड 45 अंशांत तासायला मला दोन संध्याकाळी लागल्या. एवढ्या जाडीच्या फळीतलं सरळ भोक मागच्या आवाजासाठी आखूड नळी होतं, ड्रायव्हरला जणू घसा मिळतो आणि मधल्या पट्टीला पोकळ रंग चढतो. म्हणून तिरकी कड. कानशीने, मग पॉलिश पेपरने. प्लायचे थर एकाआड एक उघडे पडत गेले, फिकट, गडद, फिकट, आणि लाकडाचा तो गोडसर, किंचित आंबट वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. अण्णा दारात उभे राहून बघत होते. "मागून कोण बघणार आहे एवढं?" मी म्हटलं, "बघायला नाही अण्णा, हवेला वाट मोकळी हवी." ते जवळ आले, अंगठा त्या तिरक्या कडेवरून पूर्ण वर्तुळभर फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाले, "इथे अजून घे." तिथे खरंच उंचवटा राहिला होता.

पहिल्या रात्री फळीच्या वरच्या कडेवर पेन्सिल राहिली होती. खर्ज सुरू झाला आणि पेन्सिल चालायला लागली, कणाकणाने, कडेकडे, आणि शेवटी खाली पडली. वूफरचा जड कोन पुढे जाताना फळीला मागे ढकलतो, फळी डोलते आणि त्या डोलण्यात वरच्या ड्रायव्हरचे बारकावे पुसट होतात. मग मागून तिरके टेके दिले, वूफरचं चुंबक लाकडाच्या घोडीवर टेकवलं, फळीला त्याचा नुसता काठ लागेल असं केलं. पेन्सिल जागेवर राहिली तेव्हा तबल्याच्या डग्ग्याला पहिल्यांदा तळ आला.

क्रॉसओव्हरच्या, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे फुलरेंजला वाटून देणाऱ्या जोडणीच्या, बाबतीत मी साधेपणाच्या बाजूचा आहे. वूफरला एक मोठी कॉइल, फुलरेंजला एक कपॅसिटर. 10 मिलिहेन्रीची कॉइल आणि 8 ओहमचा वूफर, म्हणजे हिशेबाने 127 हर्ट्झपासून वर उतार लागतो; फळी खाली उतार देते; एक उतार दुसऱ्यावर पडला की मधे सपाट जागा मिळते. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की करून बघितल्याशिवाय राहवत नाही. पण 8 ओहम हा वूफरवर छापलेला आकडा, रेझोनन्सजवळ, म्हणजे ज्या स्वराला कोन आपसूक डोलतो त्याच्या आसपास, तो कितीतरी पटींनी वर जातो, आणि हिशेब हातातून सुटतो. पुरुषाचा आवाज छातीतून यायचा तो गळ्यातून यायला लागला होता. मग मी कॉइलचे वेढे काढायला बसलो. तांब्याची तार एका वेळी दहा वेढे उलगडायची, टोक खरवडून सोल्डर करायचं, तेच गाणं लावायचं, ऐकायचं, पुन्हा उठायचं. वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात मूल्य बदलतं, त्यामुळे थोडे काढले तरी फरक मोठा पडतो. टेबलावर तारेची वेटोळी साठत गेली. त्या रात्रींत आवाज ऐकणं आणि गाणं ऐकणं या दोन गोष्टी माझ्या कानांत वेगळ्या झाल्या. एकच ओळ चाळीस वेळा ऐकल्यावर तिच्यात गाणं उरत नाही, छाती, घसा, ओठ, दात एवढंच उरतं. मला त्याचं वाईट वाटायचं आणि तरी थांबवत नव्हतं.

याच दिवसांत अण्णा मागे बसायला लागले. मी आधी समजलो की ते जोडण्या बघायला गेलेत. पण ते स्टूल घेऊन गेले. माझ्या फळ्या तेव्हा भिंतीपासून जेमतेम 60 सेंटीमीटरवर होत्या. त्या चिंचोळ्या जागेत, डाव्या फळीच्या मागे, भिंतीला पाठ लावून ते बसले आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "अण्णा, तिथे काय? इथे सोफ्यावर या, खरी मजा इथून आहे." ते म्हणाले, "इथून बरं वाटतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला ते थोडं लागलं, हे लपवत नाही. ज्या एका जागेसाठी मी तीन महिने राबलो ती जागा मोकळी होती आणि माणूस मागे, जिथे ड्रायव्हरचं चुंबक, लोखंडी सांगाडा आणि लोंबणाऱ्या तारा होत्या तिथे बसला होता.

गाण्याने पाठ फिरवली त्या रात्री, जागाच असताना, मला आमचा जुना रेडिओ आठवला. रेडिओ म्हणजे आमचा एकच असा नव्हता. अण्णांना दुरुस्तीचा छंद होता, ओळखीपाळखीचे लोक आपापले व्हॉल्व्हचे रेडिओ आणून ठेवायचे. अण्णा संध्याकाळी हातपाय धुऊन टेबलाशी बसत. रेडिओचं तोंड आमच्याकडे, पाठ त्यांच्याकडे. मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढून बाजूला ठेवलेला. आत व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागायचा, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि दूरवरून चालत आल्यासारखा आवाज हळूहळू मोठा व्हायचा. पुढे आम्ही भावंडं आणि आई. आम्हाला उजळलेली डायल दिसायची. अण्णा पलीकडे, त्यांच्या चेहऱ्यावर व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड. ते वाकून कान आत नेत. फिल्टरचा कपॅसिटर सुकला की येणारा जाड गुंजारव ते गाण्याच्या पोटातून ओळखून काढत. स्पीकर सुटा करून त्याच्या दोन टोकांना दीड व्होल्टच्या सेलच्या तारा टेकवत. टक् असा आवाज यायचा आणि कोन पुढे उडी मारायचा. "पुढे आला ना, म्हणजे ही बाजू प्लस." मग माझा तळहात धरून कोनावर ठेवत आणि पुन्हा तार टेकवत. हातात पाखरू धरल्यासारखं वाटायचं. माझ्या फळ्यांचे चारही ड्रायव्हर बसवण्यापूर्वी मी सेल लावून तेच करून बघितलं होतं, आणि ते कुठून शिकलो हे त्या वेळी मनातही आलं नव्हतं.

मागून उघडा तो लाकडी रेडिओ म्हणजे ओपन बॅफलच. पुठ्ठ्याला भोकं व्हॉल्व्हची उष्णता जायला, पण त्यांतून आवाजही जायचा. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये आजच्या रूपातला कॉइल-कोनचा स्पीकर मांडला, त्यानंतर कितीतरी वर्षं घराघरांत स्पीकरची पाठ उघडीच होती. 1954 मध्ये एडगर व्हिल्चर यांनी पेटी घट्ट बंद करून आतल्या हवेचीच स्प्रिंग केली आणि छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. 1957 मध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आला, तो दोन्ही बाजूंनी गाणारा, पण तशी उदाहरणं थोडी. बहुतेक घरांत पेट्याच आल्या. आमच्याही घरात एक दिवस दोन काळ्या पेट्या आल्या, भिंतीला चिकटून बसल्या. आवाज मोठा, खर्ज भरपूर. अण्णांनी दुरुस्त्या तोवर सोडल्या होत्या, दुरुस्त करण्यासारखं काही येईनासंही झालं होतं. त्या पेट्यांसमोर अण्णा कधी मन लावून बसलेले मला आठवत नाहीत. आम्ही समजायचो, वय झालं, आवड कमी झाली. आता वाटतं, त्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

रात्री दोनच्या सुमारास उठलो. आवाज अगदी बारीक ठेवून तेच रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्या स्टुलावर जाऊन बसलो. खरोखर, कुणी तोंडावर पदर घेऊन गात असावं तसं. शब्दांच्या कडा नाहीत, तानपुऱ्याची जवारी नाही, नुसता कोमट गोळा. अंधारात चाचपडत एका बाजूचं फेल्ट सोडवलं. गोंद अजून पुरता धरलेला नव्हता, फरफर करत निघालं. पुन्हा बसलो. सांगाड्याच्या दांड्यांमधून, चुंबकाला वळसा घालून आवाज येत होता. पुढच्यापेक्षा मऊ, झगमग कमी, तरीही पूर्ण. गायिका समोर नव्हती, शेजारी होती. मैफलीत तानपुऱ्यावर साथीला बसलेल्या माणसाला गाणं असंच ऐकू येत असणार, पाठीमागून, जवळून, श्वासासकट.

वय वाढलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, हे मी शंभर वेळा वाचलं होतं. ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा ड्रायव्हर, निवडताना, आलेखाचं उजवं टोक बघताना मी ते माझ्या कानांबद्दल वाचलं होतं. अण्णांच्या कानांत व्यंजनांच्या, जवारीच्या त्या पट्टीतलं जे थोडं उरलं होतं, तेवढंच नेमकं शोषून घेणारा नमदा मी त्यांच्या आणि गाण्याच्या मधे चिकटवला होता. स्टुलावर बसल्या बसल्या माझे कान तापले.

पण समोरची ती काचेसारखी कडही खोटी नव्हती. ती सहन करून अण्णांची बाजू मोकळी ठेवायची असं ठरवलं असतं तर मी आठवड्याभरात पुन्हा फेल्टकडे वळलो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे. मग सकाळी दुसऱ्या टोकाने विचार केला. भिंत 60 सेंटीमीटरवर, म्हणजे मागचा आवाज जाऊन-येऊन 1.2 मीटर जास्त चालतो आणि साडेतीन मिलिसेकंदांत परततो. इतक्या लवकर परतलेला आवाज कान वेगळा धरत नाही, मूळ आवाजातच कालवून टाकतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं अशा दोन्ही बाजूंनी गाणाऱ्या स्पीकरना दिली. भिंतीपासून निदान एक मीटर सोडा, परतीला सहा मिलिसेकंद तरी लागू द्या, असं ते सांगत. मी हे वाचलेलं होतं आणि खोली लहान आहे म्हणून बाजूला ठेवलेलं होतं. टेप घेऊन मोजलं. पुस्तकांचं कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं, माझी खुर्ची मागे सरकवली, फळ्या भिंतीपासून 110 सेंटीमीटरवर आल्या. खोली आधीपेक्षा गैरसोयीची झाली, दारातून येताना आता अंग चोरावं लागतं. दुसऱ्या बाजूचंही फेल्ट काढलं आणि ऐकलं. कड गेली होती. भिंतीचा आवाज अजून होता, पण आता तो गायिकेवर सांडत नव्हता, तिच्या मागे खोली होऊन उभा होता.

आणखी एक गोष्ट झाली. पुरुषाचा आवाज अचानक जड वाटायला लागला. उलटा आवाज 1.2 मीटर जास्त चालून परतला की 286 हर्ट्झच्या आसपास तो पुढच्या आवाजाला खातो. कॉइलचे वेढे काढून काढून मी जो खड्डा भरत बसलो होतो त्यात त्या भिंतीचाही वाटा होता. आता खड्डा तिथून हलला आणि माझी भर उघडी पडली. डब्यातून तारेची वेटोळी काढली, सरळ केली आणि काढलेल्यांतले निम्म्याहून जास्त वेढे परत गुंडाळले.

भिंत आणि फळी यांच्या मधल्या त्या 110 सेंटीमीटरांत पाठीची खुर्ची बसते. स्टूल काढून ती ठेवली आणि अण्णांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी ते आले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बसले. मी तेच रेकॉर्डिंग लावलं. विलंबित संपत आलं, लय वाढली, आणि फळीच्या वरच्या कडेपलीकडे अण्णांचे पांढरे केस हलताना दिसायला लागले. मी आलेखाचा विचार करत नव्हतो. बऱ्याच दिवसांनी त्या ओळीत पुन्हा ओळ होती.

"अरे, इकडे ये," पलीकडून हाक आली. मी मागे गेलो. अण्णांचा तळहात फळीवर पसरलेला होता, डोळे मिटलेलेच. "खालचा एक बोल्ट ढिला आहे. खर्ज आला की किर्र करतोय." मी कान लावला, मला काही कळेना. त्यांनी माझा हात धरला आणि वूफरच्या काठावर, डावीकडून दुसऱ्या बोल्टवर ठेवला. डग्ग्यावर थाप पडली तशी बोटाखाली बारीकशी थरथर झाली.

मी पाना घेऊन आलो. गाणं बंद करायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "राहू दे चालू, त्याशिवाय कळायचं कसं?"